पदक कोणाच्या हातून? न्यूबेरी पदकाच्या स्थापनेचं प्रकरण

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या बालसाहित्य पुरस्कारासाठी परीक्षक म्हणून माझ्याकडे पुस्तकं आली. रेक्झिनची पिशवी, आत सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे. परीक्षक आम्ही तिघं: एक निवृत्त प्राध्यापक, एक कवी आणि मी. तिघांचाही मुलांशी संबंध घरातल्या भाच्या-नातवंडांपुरता. महिना-दीड महिन्याने पोहे-चहावर बैठक झाली आणि अर्ध्या तासात एकमताने निकाल लागला. पुढच्या आठवड्यात शाळेच्या वाचनालयात काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मी मोठ्या उत्साहाने त्या पुस्तकाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते आमच्याकडे दोन वर्षं आहे. नेतात, पण दोन दिवसांत परत आणून टाकतात. शेवटपर्यंत वाचलंय असं एकही पोरगं मला भेटलेलं नाही." तुम्हाला कधी परीक्षक म्हणून बोलावलंय का, असं विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या. "आम्हाला कोण विचारतंय!"

म्हणून मला न्यूबेरी पदकाच्या स्थापनेचं प्रकरण पुन्हा नीट बघावंसं वाटलं. बालसाहित्यासाठी दिला जाणारा हा जगातला पहिला पुरस्कार. १९२१ साली अमेरिकेत त्याची कल्पना निघाली आणि १९२२ मध्ये पहिलं पदक दिलं गेलं. शंभर वर्षं उलटली तरी तो टिकून आहे. त्याच्याबद्दल बोलताना लोक विजेत्या पुस्तकांची यादी काढतात. माझ्या मते या प्रकरणातली खरी चाल वेगळी आहे: देण्याचा हक्क कोणाच्या हाती सोपवला गेला, ती. तो हक्क नेमका त्या वाचनालयातल्या बाईंसारख्या माणसांना मिळाला.

आधी तेव्हाची परिस्थिती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचा तोटा नव्हता, उलट सुकाळ होता. अडचण वेगळी होती. एकीकडे नाताळच्या सुमाराला निघणाऱ्या जुन्या अभिजात पुस्तकांच्या देखण्या आवृत्त्या, आणि दुसरीकडे कारखान्यातून निघाव्यात तशा मालिका. एडवर्ड स्ट्रेटमेयर नावाच्या माणसाने त्यासाठी रीतसर यंत्रणाच उभी केली होती. कथानकाचा आराखडा तो द्यायचा, भाडोत्री लेखक ठरावीक रकमेवर पुस्तक लिहून द्यायचे आणि वर नाव छापलं जायचं एखाद्या अस्तित्वातच नसलेल्या लेखकाचं. पोरं ती पुस्तकं अधाशासारखी वाचत. अमेरिकेच्या बॉय स्काउट्सचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये या मालिकांवर इतका जहाल लेख लिहिला, की अशी पुस्तकं पोरांच्या मेंदूच्या चिंधड्या उडवतात असं त्यांनी मथळ्यातच म्हणून टाकलं.

मधली जागा मात्र रिकामी होती. ज्याला लिहिता येतं अशा माणसाने मुलांसाठी मनापासून, पूर्ण ताकदीने काही नवं लिहावं, असं त्याला वाटायला लावणारं कारणच नव्हतं. कादंबरी आणि नाटकांसाठी १९१७ पासून पुलित्झर होता. मुलांसाठी लिहिणाऱ्याचं नाव परीक्षणांच्या स्तंभात आलं, तरी कोपऱ्यात.

त्याच काळात आणखी एक गोष्ट हळूहळू उभी राहत होती. सार्वजनिक ग्रंथालयांमधून मुलांसाठी स्वतंत्र खोल्या निघाल्या होत्या: बुटकी टेबलं, छोट्या खुर्च्या, हात पोहोचेल अशी कपाटं. या खोल्या सांभाळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात १९०१ पासून या कामाचं खास प्रशिक्षण मिळत होतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात अॅन कॅरॉल मूर १९०६ पासून मुलांच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांचा शब्द प्रकाशक वचकून ऐकत. पण मूरबाई एक. बाकीच्या शेकडो जणी पगाराने, मानाने आणि ग्रंथालयाच्या उतरंडीत खालच्याच पायरीवर. रोज दुपारी शाळा सुटल्यावर कोणतं पुस्तक कोणाच्या हातात जातं, कोणतं तासाभरात परत येतं आणि कोणत्याच्या पानांचे कोपरे दुमडून काळे पडतात, हे देशात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि या माहितीला बाजारात कवडीची किंमत नव्हती.

पुस्तकविक्याचा मुलगा म्हणावा असा माणूस

फ्रेडरिक मेल्चर हा या गोष्टीतला नायक. लेखक नव्हे, प्राध्यापक नव्हे, ग्रंथपालही नव्हे. १८७९ चा जन्म, मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन गावचा. सोळाव्या वर्षी बॉस्टनच्या एका पुस्तकांच्या दुकानात लागला, पुढे इंडियानापोलिसला दुकान सांभाळलं आणि १९१८ मध्ये 'पब्लिशर्स वीकली' या प्रकाशन व्यवसायाच्या साप्ताहिकात संपादक म्हणून आला. गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकाचं तोंड वाचायला शिकलेला माणूस. १९१९ मध्ये मॅथ्यूज आणि मूर यांच्यासोबत त्याने 'बाल-पुस्तक सप्ताह' सुरू करायला हातभार लावला. त्याच वर्षी मॅकमिलन कंपनीने मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि लुईझ सीमन यांना त्याची प्रमुख नेमलं. अमेरिकेत हे पहिल्यांदाच होत होतं. वारं कुठून वाहतंय हे मेल्चरला कळत होतं.

जून १९२१. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर स्वॅम्पस्कॉट नावाचं गाव. तिथे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची वार्षिक परिषद भरली होती. मुलांच्या ग्रंथपालांच्या विभागासमोर मेल्चर पुस्तक-सप्ताहाबद्दल बोलायला आला होता. समोर तीन-चारशे श्रोते. पुढे त्याने स्वतःच सांगितलं आहे, की व्यासपीठावरून खाली बघताना त्याच्या मनात आलं: या माणसांच्या हाती केवढी ताकद आहे! सप्ताहाला त्यांचा पाठिंबा मिळणार हे तर दिसतच होतं, पण त्याला त्यापुढे जायचं होतं. पुस्तक लिहिलं जाण्यापासून मुलाच्या हातात पडेपर्यंतच्या सगळ्या व्यवहारात त्याला त्या हव्या होत्या. मग त्याने तिथेच सुचवलं की दर वर्षी एक पदक द्यावं, आणि ते कोणाला द्यायचं हे तुम्ही ठरवा.

इथे थोडं थांबू. मेल्चरला हे पदक स्वतःच्या साप्ताहिकातर्फे देता आलं असतं. प्रकाशकांची एखादी समिती नेमता आली असती. पैसे त्यांच्याकडे होते आणि फायदाही त्यांचाच होणार होता. नामवंत लेखकांचं मंडळही बसवता आलं असतं, आपल्याकडे बसवतात तसं. यातलं काहीही केलं असतं तर त्या पदकावर पहिल्या दिवसापासून संशय आला असता: प्रकाशकांनी दिलं म्हणजे जाहिरात, लेखकांनी दिलं म्हणजे कंपूशाही. ग्रंथपाल बायकांना कोणाचं पुस्तक खपतं याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि पुस्तक मुलाच्या हातात टिकतं की नाही हे त्या रोज बघत होत्या. मेल्चर भोळा होता असं मला अजिबात वाटत नाही. बाजारात विश्वास ही सर्वात महाग वस्तू आहे आणि ती कोणाकडे पडून आहे, हे त्या मुरलेल्या दुकानदाराने ओळखलं.

नाव कोणाचं?

दात्याने स्वतःचं नाव द्यावं ही तेव्हाचीही रीत होती. मेल्चरने नाव दिलं जॉन न्यूबेरीचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनमधल्या एका पुस्तकविक्याचं. या निवडीत गंमत आहे, कारण न्यूबेरी (१७१३–१७६७) काही संत नव्हता. १७४४ मध्ये त्याने मुलांसाठी एक चिमुकलं पुस्तक काढलं. नुसतं पुस्तक सहा पेनीला. आणखी दोन पेनी दिले की मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्या टोचायची उशी मिळायची. चेंडूची आणि उशीची एक बाजू लाल, दुसरी काळी. पोराने चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी, खोडी केली की काळ्या बाजूला. लाल बाजूला दहा टाचण्या झाल्या की बक्षीस एक पेनी, काळ्या बाजूला दहा झाल्या की घरी छडी. पुस्तकासोबत खेळणं फुकट देण्याची आजची युक्ती किती जुनी आहे बघा. हाच न्यूबेरी 'डॉ. जेम्सची तापाची पूड' हे औषधही विकायचा, आणि त्याने छापलेल्या एका प्रसिद्ध बालकथेत नायिकेचा बाप मरतो तो ही पूड जिथे मिळत नाही अशा ठिकाणी ताप आल्यामुळे!

असा हा माणूस. पण मुलांना उपदेशासोबत मजाही हवी असते आणि त्यासाठी आई-बाप पैसे मोजतात, हे त्याने इंग्रजी बाजाराला पटवून दिलं. मेल्चरने एका दुकानदाराचा मान दुसऱ्या दुकानदाराला दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय पदकाला इंग्रज माणसाचं नाव, हे कोणाला खटकल्याचं दिसत नाही. पुढे १९३६ मध्ये ब्रिटनने आपलं बालसाहित्याचं पदक सुरू केलं, तेव्हा त्याला नाव दिलं अँड्र्यू कार्नेगीचं, म्हणजे स्कॉटलंडमध्ये जन्मून अमेरिकेत पोलादसम्राट झालेल्या माणसाचं. फिट्टंफाट झाली म्हणायची.

करार आणि त्यातलं तिसरं कलम

असोसिएशनच्या कार्यकारी मंडळाने १९२२ मध्ये प्रस्तावाला मान्यता दिली. मेल्चरने मंडळाशी केलेल्या करारात पदकाचे हेतू तीन सांगितले आहेत. पहिला, मुलांच्या पुस्तकांच्या क्षेत्रात स्वतंत्र, नव्या निर्मितीला उत्तेजन. दुसरा, बालसाहित्यातल्या कामाला कविता, नाटक, कादंबरीइतकाच मान मिळायला हवा हे लोकांच्या मनावर ठसवणं. हे दोन कोणत्याही पुरस्काराच्या घटनेत सापडतील. तिसरा वाचताना मात्र मी सावरून बसलो. मुलांच्या वाचनाची सेवा हेच ज्यांनी आयुष्याचं काम मानलं, त्या ग्रंथपालांना चांगल्या लेखनाला प्रोत्साहन देण्याची संधी मिळावी, असं ते कलम आहे. म्हणजे पुरस्कार देणाऱ्यांचा सन्मान हाही पुरस्काराचा लेखी हेतू!

बाकीचे नियम मोजके आणि कडक. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा. पुस्तक सरलेल्या वर्षातलं हवं. जुन्या गोष्टींचं नुसतं संकलन किंवा अनुवाद चालणार नाही. रोख रक्कम नाही. मेल्चरच्या पैशातून रने शांबेलां या तरुण शिल्पकाराने कांस्याचं पदक घडवलं. त्याच्या एका बाजूला लेखक आणि त्याच्यासोबत एक मुलगा, एक मुलगी.

'सरलेल्या वर्षातलं' या अटीने बरंच काम केलं. आपल्या साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. २४ भाषांमध्ये प्रत्येकी ५० हजार रुपये आणि ताम्रपट. त्यात एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकूण बालसाहित्याचाही कधीकधी विचार झाला आहे. त्यात वाईट काही नाही. आयुष्यभर मुलांसाठी लिहून कोणी दखल न घेतलेल्यांचं देणं फेडायचं असतं. पण असा सन्मान मागे वळून बघतो. न्यूबेरीची अट प्रकाशकाच्या मानगुटीवर बसली: गेल्या वर्षाचं मोठेपण चालणार नाही, यंदा काय काढलंत ते दाखवा. पुढच्या काही वर्षांत एकामागून एक प्रकाशनसंस्थांनी मुलांचे विभाग उघडले. ते सगळं श्रेय पदकाला देणं अति होईल, पण त्या विभागांतल्या संपादक बायकांना मालकाच्या टेबलावर आपटायला एक कारण मिळालं, एवढं नक्की.

पहिली मोजणी

पहिला विजेता मतदानाने ठरला. देशभरातल्या बाल-ग्रंथपालांनी मतं पाठवली. २१२ मतं आली आणि त्यातली १६३ एकाच पुस्तकाला: हेंड्रिक विलेम व्हान लून यांनी लिहिलेला, त्यांच्याच रेखाटनांनी भरलेला मानवजातीचा इतिहास. दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स बोर्डमन हॉज यांची समुद्रावरची साहसकथा, २२ मतं. २७ जून १९२२ रोजी डेट्रॉइटच्या परिषदेत पदक दिलं गेलं. ब्रुकलिनच्या ग्रंथालयातल्या क्लारा व्हाइटहिल हंट तेव्हा विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की तुम्ही आमच्यावर विश्वास टाकलात म्हणून आम्हाला बळ आलंय, आणि तुम्ही आमच्या हाती या काळातलं एक जबर हत्यार देताय: चांगल्या प्रकारची प्रसिद्धी. बाई नेमकं बोलल्या. पदक बाजूला राहिलं, हत्यारावर बोट ठेवलं.

इतकं एकतर्फी मतदान म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं वाटेल. मला त्यातच पहिली चूक दिसते. व्हान लूनचं पुस्तक मोठ्यांमध्येही धडाक्याने खपत होतं, ठिकठिकाणी त्याची परीक्षणं आली होती. खुल्या मतदानात मत पडतं ते ऐकलेल्या नावाला. ज्या छोट्या गावच्या ग्रंथालयात वर्षाला मोजकीच नवी पुस्तकं जात, तिथल्या बाईंनी उरलेली वाचणार कुठून? पुस्तक चांगलंच होतं, वाद नाही. पण पुढच्या वर्षी एखादं गाजलेलं, गोडमिट्ट पुस्तक याच पद्धतीने निवडून आलं असतं तर पदकाची अब्रू तिथेच गेली असती.

म्हणून १९२४ पासून खुलं मतदान बंद झालं. विभागाचं कार्यकारी मंडळ, पुस्तक-मूल्यमापन समिती आणि तीन जादा सदस्य मिळून निवड करू लागले. १९२९ मध्ये ही रचना पुन्हा बदलली. शिफारशी मात्र सगळ्यांकडून येत राहिल्या. १९३२ मध्ये आणखी एक नियम आला: एकदा पदक मिळालेल्या लेखकाला पुन्हा द्यायचं तर समितीचं एकमत हवं. नव्या लोकांना वाव मिळावा म्हणून. हा नियम १९५८ मध्ये काढला आणि १९६० मध्ये जोसेफ क्रमगोल्ड दोनदा पदक मिळवणारे पहिले लेखक ठरले. १९७८ पासून समिती १५ जणांची झाली. कल्पना एका दुपारी सुचली, तिची घडी बसवायला पन्नास-साठ वर्षं लागली. घटना एकदा लिहून कपाटात ठेवणाऱ्या आपल्या संस्थांनी हा भाग जरूर वाचावा.

'राष्ट्रीय' म्हणजे कोणाचं?

आता ती 'नागरिक किंवा रहिवासी' ही अट. राष्ट्रीय पुरस्कार म्हटला की लोकांच्या कपाळावर आठ्या चढतात: आपल्याच माणसाला मिळाला पाहिजे. इथे काय झालं? पहिले विजेते व्हान लून रॉटरडॅमचे, वीस वर्षांचे झाल्यावर अमेरिकेत आलेले. दुसरे, १९२३ चे ह्यू लॉफ्टिंग, जन्माने इंग्रज. अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता मिळाला तो १९२४ साली, आणि तो म्हणजे पहिल्या वर्षी २२ मतांवर राहिलेले तेच हॉज. पण तोवर ते हयात नव्हते. पदक त्यांच्या पश्चात मिळालं.

आणि मग १९२८. पदक धनगोपाल मुखर्जींना. १८९० साली कोलकात्याजवळ जन्म, विशीत जपानमार्गे अमेरिका गाठली आणि तिथेच राहून इंग्रजीत लिहू लागले. पदक मिळालेलं पुस्तक एका कबुतराचं आहे. ते कोलकात्यात वाढतं आणि पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याबरोबर फ्रान्सच्या रणांगणावर निरोप पोहोचवतं. कबुतराचं नाव चित्रग्रीव. इंग्रजी वाचकाला ते नाव फोड करून सांगावं लागलं. आपल्याला नाही: पारध्याच्या जाळ्यात अडकल्यावर सगळ्यांना एकदम उडायला सांगणारा आणि मित्र उंदराकडून, हिरण्यकाकडून, पाश कुरतडून घेणारा कपोतराज चित्रग्रीव आपण आजीच्या मांडीवर ऐकलेला आहे. अमेरिकन बालसाहित्यातलं सर्वोच्च पदक पंचतंत्रातलं नाव लावून फिरणाऱ्या पाखराला मिळालं.

यात नियमाचा एक शब्द किती मोलाचा ठरला ते बघा. १९२३ मध्ये अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसांना नागरिकत्वाचं दार बंद केलं होतं. ते पुन्हा उघडायला १९४६ उजाडलं. मुखर्जी १९३६ मध्येच न्यूयॉर्कला वारले. पदकाच्या नियमात नुसतं 'नागरिक' असतं, तर चित्रग्रीवाला त्या वर्षीच्या यादीत उतरायला फांदीच नव्हती. सरकार ज्याला आपला म्हणायला तयार नव्हतं, त्याच्या पुस्तकाला मुलांच्या ग्रंथपालांनी 'अमेरिकन बालसाहित्यातलं सर्वोत्तम' म्हटलं. मेल्चरने 'किंवा रहिवासी' लिहिताना एवढा दूरचा विचार केला होता, असं मी म्हणणार नाही.

चुकाही झाल्या

ग्रंथपालांच्या हाती दिलं म्हणून निवड अचूक ठरते, असं कोणी समजू नये. १९५३ मध्ये ई. बी. व्हाइट यांची कोळीण आणि डुकराच्या पिल्लाची गोष्ट उपविजेत्यांत राहिली आणि पदक अँडीज पर्वतातल्या एका मुलाच्या कथेला गेलं. आज पहिली गोष्ट जगभरातली मुलं वाचतात; दुसरी वाचलेलं मूल शोधायला निघालात तर पायपीट होईल. मुलांपेक्षा ग्रंथपालांना आवडणारी पुस्तकं निवडली जातात, ही तक्रारही जुनी आहे, आणि निराधार नाही. वाचनालयातल्या बाईंनाही स्वतःची आवड असते. उपविजेत्यांना पूर्वी 'रनर-अप' म्हणत. १९७१ मध्ये त्यांना 'ऑनर' पुस्तकं म्हणायला सुरुवात झाली आणि जुन्या यादीतल्यांनाही तो मान मिळाला. व्हाइट यांच्या पुस्तकावर म्हणून आज रुपेरी शिक्का आहे.

मेल्चरने १९३७ मध्ये दुसरं पदक सुचवलं, चित्रपुस्तकांसाठी. नाव पुन्हा एका इंग्रजाचं, चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉटचं. १९६३ मध्ये मेल्चर गेले, पण पदकाचा खर्च त्यांच्या मुलाने चालू ठेवला.

मूळ साचा शांबेलांचाच राहिला. पदक मुलांच्या ग्रंथपालांचा विभाग दर वर्षी देतो, अशी अक्षरं त्याच्या मागच्या बाजूला कोरलेली आहेत. त्या विभागाचं नाव मध्यंतरी एकदा नव्हे, अनेकदा बदललं. आज त्या नावाचा विभागच असोसिएशनमध्ये नाही. पदकावरची अक्षरं मात्र १९२२ चीच आहेत.